पुरात बुडालेल्या टाटामोबाइल 206 चा डॅशबोर्ड: काय वाचवायचं, काय बदलायचं?

मंडपवाला
नमस्कार मंडळी. वाचतो रोज, धागा पहिल्यांदाच काढतोय. बडोद्यातले कोणी असतील तर जास्तच बरं.

गाडी टाटामोबाइल 206 पिकअप, 1994 ची. आमचा मंडपाचा धंदा, गोदाम वडसरला. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा गाडी गोदामातच उभी होती. पाणी स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत चढलं असावं, डॅशवर गाळाची रेघ तिथे आहे. नदीतली मगर आत बसलेली सापडली नाही, एवढंच नशीब. इंजिन, टाकी, पंप, स्टार्टर, ब्रेक सगळं उघडून झालं, गाडी चालते. डॅशबोर्डला मात्र कोणी हात लावायला तयार नाही.

तक्रारी अशा. डिझेलचा आणि इंजिनाच्या गरमीचा, दोन्ही काटे किल्ली फिरवली की वर जाऊन बसतात. हेडलाइट लावले की मीटरमधला इंडिकेटरचा दिवा मंद उजळतो. चार्जिंगचा लाल दिवा लागतच नाही. चाळीसच्या पुढे स्पीडचा काटा थरथरतो. डॅशच्या वरच्या भागाला काचेजवळ जुनी भेग होती, ती आता बोट जाईल एवढी झालीय आणि कातडं फुगलंय.

गॅरेजवाला म्हणतो पूर्ण वायरिंग नवीन टाका. बाबा म्हणतात नवरात्र 3 ऑक्टोबरला बसतंय, त्याआधी काय ते करा. मला हातोडा-पाना चालवता येतो, मल्टीमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

वायरमनकाका
बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. त्यापासून सुरुवात. पुराच्या गाडीत किल्ली फिरवून फिरवून "आता लागतंय का" बघत बसायचं नाही. ओल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या खटक्यात) करंट गेला की तांबं झपाट्याने खातं.

कातडं, भेग हे सगळं शेवटी. वरून रेक्झिन चकाचक आणि आत हिरवी तांब्याची वायर, असा डॅश पुढच्या पावसाळ्यात परत उघडावा लागतो. तेव्हा रेक्झिनचे पैसे दुसऱ्यांदा.

दोन काटे आणि तो मंद दिवा, यांचं मूळ एकच निघेल असं मला वाटतं. मीटरला अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, मिळत नाही. जुन्या बऱ्याच मीटरच्या मागे डबीएवढा स्टॅबिलायझर असतो, आत तापून वाकणारी पट्टी. ती संपर्क तोडत-जोडत काट्यांना सरासरी 10 व्होल्टच्या आसपास देते. डबीची अर्थ गेली की पट्टी तापत नाही, संपर्क जोडलेलाच राहतो, काट्यांना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो आणि दोघे एकदम वर जातात. एकच काटा बिघडला असता तर मी टाकीतला फ्लोट किंवा इंजिनावरचा सेंडर (काट्याला माप पाठवणारा भाग) बघायला सांगितलं असतं. इंडिकेटरचा दिवा मंद उजळतो तोही त्याच कारणाने. अर्थची वाट बंद झाली की करंट दुसऱ्या बल्बातून वाट काढून परत जातो.

खात्री करायची तर मीटरच्या अर्थच्या टोकाला एक वायर लावून ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा. काटे खाली आले तर वायरिंग नवीन टाकायचा खर्च वाचला समजा.

भंगारप्रेमी
तीस वर्षांच्या गाडीला एवढं? स्क्रॅपला द्या, छोटी नवीन पिकअप हप्त्यावर घ्या. मंडपाच्या धंद्यात गाडी बंद पडली तर पार्टी शिव्या घालते.

ग्रीसगन
भंगारप्रेमी, तुमचं आयडीच सांगतंय की तुमचा सल्ला मागायची गरज नव्हती :)

ही साधी पिकअप नाही हो. 1988 मध्ये टेल्कोने (नंतरची टाटा मोटर्स) टाटामोबाइल काढली, त्याच पायावर 1991 मध्ये सिएरा आणि 1992 मध्ये इस्टेट उभी राहिली. टाटांच्या मोटारींच्या वंशावळीत ती आजी लागते. सिएरावाले आज मीटर, स्विच, दांड्या शोधत दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारापर्यंत जातात. मंडपवाले, जुना भाग काढलात तर फेकू नका, तुटका असला तरी.

आणि नवीन गाडीचा हप्ता तर पावसाळ्यातही चुकत नाही.

पोहेजलेबी
इंदूरहून नमस्कार. डॅश काढायच्या आधी फोटो, फोटो आणि फोटो. प्रत्येक कपलरचा काढण्याआधी एक, काढल्यावर एक. मास्किंग टेपवर नंबर लिहून दोन्ही तोंडांना चिकटवा. बॉलपेनने नको, पुसतं. पेन्सिलने लिहा.

ग्रीसगन
हो, त्यात भर. स्क्रू एकाच डब्यात टाकू नका. पुठ्ठ्यावर डॅशचं चित्र काढा आणि जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पलीकडच्या वायरला भोक पाडतो. आधी स्टिअरिंगखालचं झाकण आणि मग मीटरची चौकट. मीटर पुढे ओढायच्या आधी मागून स्पीडोमीटरची केबल सोडवा. लोक जोर लावून ओढतात आणि केबलच्या तोंडाचा प्लास्टिकचा नटच मोडतो. डॅशचं मुख्य अंग काढताना दुसरा माणूस हवाच, एकट्याने काढलं तर जुनं प्लास्टिक आपल्याच वजनाने चिरतं.

मंडपवाला
काकांनी सांगितलं तसं केलं. वायर टेकवली आणि दोन्ही काटे खाली! आमच्या शेजारी एक गुजराती वायरमन आहे, तो बघायला आला होता. लगेच म्हणाला, "मीटर तो सारुं छे, अर्थ नथी मळती." (मीटर चांगलं आहे, अर्थ मिळत नाही.) अर्थची वायर डाव्या बाजूला पत्र्यावर स्क्रूने बसवली होती, तिथे गंजाची पोळी झालीय. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हातात घेतला तर भुगा.

डॅश आता पूर्ण बाहेर आहे. मागे गाळ इतका, की बाबांनी खुरपं दिलं. कपलरमधल्या पिना काही चमकतात, काही हिरव्या. फ्यूज बॉक्स जुना, चिनीमातीसारख्या लांबट गोळीवर धातूची पट्टी, तसले फ्यूज. काही काळे पडलेत. आता पुढे?

कलाभवन_78
मी कलाभवनातून (बडोद्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) बाहेर पडलो त्या काळात या गाडीचा आराखडाही नव्हता, पण तांबं तेव्हाही असंच हिरवं व्हायचं.

पाणी वायरच्या टोकातून आत शिरतं आणि तारांच्या मधून वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून नुसती पिन घासून भागत नाही. प्रत्येक हिरव्या पिनेमागे वायरचं कवच थोडं सोलून बघा. तांबं आत लालसर चमकत असेल तर पिन बदला, वायर ठेवा. काळं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत मागे जा, तिथून कापून नवीन तुकडा जोडा. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि थिंबल (वायरवर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबली तरी संपर्क कच्चाच राहतो.

पुढची तपासणी मल्टीमीटरने. ओहम बघू नका, ते फसवतं. दहा तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी ओहम शून्य दाखवतो. गाडी जोडून दिवा लावा आणि वायरच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजा. अर्थच्या वायरवर 0.1 पेक्षा जास्त पडत असेल तर जोड पुन्हा करा. हेडलाइटच्या वायरवर बॅटरीपासून बल्बपर्यंत अर्धा व्होल्ट मी सहन करीन, त्याच्या वर नाही.

आता फ्यूज. तुम्ही वर्णन केलेले ते जुने युरोपीय पद्धतीचे. पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा, निळा 25 चा. बॉक्स बदलून पात्याच्या फ्यूजचा नवीन बसवणार असाल (बसवाच) तर रंग बघून अदलाबदल करू नका. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल 10 चा असतो आणि निळा 15 चा. पिवळा 20, हिरवा 30. जुन्या निळ्याच्या जागी नवा निळा लावलात तर 25 च्या ठिकाणी 15 बसेल आणि रात्री कुठेतरी वाटेत उडेल. उलट चूक जास्त वाईट, 8 च्या जागी 10 परवडतो, पण 20 टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळते.

वायरमनकाका
सगळं बरोबर. एक सोडून. "कापून नवीन तुकडा जोडा" म्हणालात, जोड सोल्डरने करायचा का? माझा अनुभव, डॅशमागे सोल्डर नको. कथील वायरमध्ये वर चढतं, तो भाग कडक काडी होतो, आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होतं तिथे हादऱ्याने तुटतो. चांगल्या पक्कडीने दाबलेली थिंबल आणि वर गरम करून आवळणारी नळी, बास.

कलाभवन_78
"चांगल्या पक्कडीने" यावर सगळं आहे, काका. बाजारात जी दीडशे रुपयांची पक्कड मिळते तिने दाबलेल्या थिंबला मी बोटांनी ओढून काढल्यात. पक्कड चांगली नसेल तर सोल्डर करा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बांधून टाका, म्हणजे हालणार नाही. तुटतो तो हालणारा जोड.

वायरमनकाका
बांधून टाकलं तर चालेल. मान्य.

मंडपवाला
दोघांचेही आभार. शेजारच्या वायरमनकडे दातांची पक्कड आहे, दबल्याशिवाय सुटत नाही अशी. ती मागून आणली. मीटरची अर्थ नवीन टाकली, 2.5 चौरस मिमीची वायर, आणि पत्र्यावर रंग खरवडून बोल्टने बसवली, वर व्हॅसलिन. दुसरं टोक इंजिनाच्या ब्लॉकलाही नेलं, उगाच.

काटे ठीक. मंद दिवा गेला. चार्जिंगचा लाल दिवा मात्र अजून नाही. बल्ब काढून बघितला, फिलामेंट तुटलंय. तो काही महत्त्वाचा नाही ना? इंडिकेटरला मी एलईडी आणलेत, त्यातलाच एक लावतो.

वायरमनकाका
नको!! थांबा.

तो दिवा नुसता इशारा द्यायला नाही. किल्ली फिरवली की करंट त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत जातो आणि तिथे सुरुवातीचं चुंबकत्व तयार होतं. बल्ब तुटलेला असेल तर बऱ्याच अल्टरनेटरना चार्जिंग सुरूच करता येत नाही, किंवा इंजिन जोरात रेस केल्यावर उरलंसुरलं चुंबकत्व धरून सुरू होतं. तुमची बॅटरी सकाळी बसलेली असते का?

एलईडीतून जाणारा करंट इतका किरकोळ, की अल्टरनेटर जागा होत नाही. तिथे मूळ वॅटचा साधाच बल्ब लावा, साधारण 2 ते 3 वॅटचा. बाकीचे दिवे एलईडी करा हवे तर.

मंडपवाला
बॅटरी बसत होती हो! आम्ही पुरामुळे बॅटरी गेली समजून नवीन बघायला निघालो होतो. बल्ब लावला. किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो, इंजिन सुरू झालं की जातो, आणि बॅटरीवर 14 च्या जरा वर दिसतात.

ग्रीसगन
हा एक प्रतिसाद बऱ्याच जणांनी जपून ठेवावा. डॅश काढून मीटरशिवाय गाडी चालवणाऱ्यांची बॅटरी याच कारणाने बसते आणि अल्टरनेटर उघडला जातो.

एलईडीबद्दल आणखी एक. बाहेरचे इंडिकेटर एलईडी केले तर जुन्या पद्धतीचा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) 21 वॅटचे बल्ब गृहीत धरून चालतो. लोड कमी झाला की भराभर लुकलुकतो किंवा लुकलुकतच नाही. फ्लॅशर त्यासाठीचा घ्यावा लागेल.

पोहेजलेबी
डॅश बाहेर आहे तोवर हेडलाइटला रिले (थोड्या करंटने चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाकून घ्या. नंतर कंटाळा येतो.

वायरमनकाका
हे मी सांगणारच होतो. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशच्या स्विचमधून आणि स्टिअरिंगच्या दांडीतून जातो. 60/55 वॅटचे दोन बल्ब, म्हणजे डिपर वर असताना 10 अँपिअर, तेही नवीन स्विचला. जुना, पुरात भिजलेला स्विच म्हणजे आत काजळी, काजळी म्हणजे उष्णता. कितीतरी गाड्यांच्या दांड्या वितळलेल्या मी पाहिल्यात. त्यात कोणी हौशीने 100/90 लावले की 16 च्या पुढे.

रिले दोन, एक लो साठी, एक हाय साठी. रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूज घेऊन जाड वायर, 87 मधून बल्बकडे, 85 अर्थला, आणि 86 ला जुनी स्विचची वायर. स्विचमधून आता फक्त रिलेचा किरकोळ करंट. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा उघडा राहतो, तो पत्र्याला घासला की त्याला वाचवायला कोणी नाही.

प्रकाशात फरक डोळ्यांनी दिसेल. व्होल्ट थोडे कमी झाले तरी फिलामेंटचा उजेड खूप कमी होतो.

मंडपवाला
रिले लावले. हालोल रोडला रात्री जाऊन आलो, पहिल्यांदा रस्त्यावरची म्हैस वेळेत दिसली.

एक फ्यूज मात्र सारखा उडतोय, वायपर आणि हॉर्नचा. हार्नेसमध्ये कुठे शॉर्ट आहे कळत नाही. सगळी टेप सोलू का?

वायरमनकाका
सोलू नका आणि फ्यूज जाळत बसू नका. फ्यूजच्या जागी 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळेल, वायरला काही होणार नाही. आता हार्नेस हातभर हातभर हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मंद होतो, शॉर्ट तिथे. एकेक कपलर काढत गेलात तरी कळेल, ज्याच्या काढण्याने बल्ब विझला त्याच्या पुढे.

मंडपवाला
स्टिअरिंगच्या खांबाला जी कमान आहे, तिथे हॉर्नची वायर घासून उघडी पडली होती. पुराशी संबंधच नाही, जुनंच दुखणं.

शिवणयंत्र
मी डॅश आणि सीटचं रेक्झिनकाम करते, इतका वेळ गप्प वाचत होते. वायरिंग उरकलं वाटतं, आता कातड्याकडे या!

फुगलेलं कातडं म्हणजे आतल्या फोममध्ये पाणी आहे किंवा फोम सुटलाय. दाबून बघा. दाबल्यावर पाणी येत असेल तर कापून काढाच. वरून रेक्झिन चढवलंत तर मे महिन्यात बंद गाडीत त्यातून वाफ होईल आणि नवीन रेक्झिनही फुगेल. वास येईल तो वेगळा.

मकरपुरा_फायबर
मकरपुरा जीआयडीसीत एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करतो. भेग भरण्याआधी प्लास्टिक कोणतं ते बघा, नाहीतर सगळं उखडून येईल. मागच्या बाजूला छाप असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मागून, दिसणार नाही अशा ठिकाणाहून एक चिपटी काढा आणि पाण्याच्या ग्लासात टाका. तरंगली तर बहुतेक पॉलिप्रॉपिलीन, बुडाली तर एबीएस किंवा दुसरं काही. बुडालेल्या चिपटीवर ॲसिटोनचा थेंब टाका, चिकट झाली तर एबीएस.

एबीएस असेल तर नशीबवान आहात. त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट खळ करा, भेगेत भरा, मागून त्याच खळीत भिजवलेली बारीक जाळी लावा. प्लास्टिकशी एकजीव होतं. घाई करू नका, वाळायला वेळ द्या, जाड थर आतून ओला राहतो. आणि हे काम उघड्यावर, जवळ विडी-सिगारेट नको.

पॉलिप्रॉपिलीन असेल तर काहीच नीट चिकटत नाही. रेझिन, एम-सील, काहीही. वेल्डिंगच्या गरम टोकाने त्याच प्लास्टिकच्या पट्टीने शिवावं लागतं, किंवा मागून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने.

मंडपवाला
चिपटी बुडाली आणि ॲसिटोनने चिकट झाली. एबीएस.

पण काचेजवळचा कोपरा गेलाच आहे, तळहाताएवढा तुकडा. तिथे काय भरू?

मकरपुरा_फायबर
तिथे फायबर. मागून पुठ्ठ्याचा साचा, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी म्हणजे रेझिन धरणार नाही. कडा घासून खडबडीत, मग पॉलिएस्टर रेझिन आणि फायबरची चटई, दोन-तीन थर. हार्डनर रेझिनच्या शेकडा एक ते दोन. गरमीत एक पुरे, नाहीतर ब्रश हातात असतानाच गोळा होईल.

एक गोष्ट कधीही विसरू नका. रेझिनमध्ये कोबाल्ट (ते लवकर घट्ट करणारं रसायन) घालावा लागत असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवायच्याही नाहीत. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हे सांगतो, चहा नंतर.

थर्माकोलचा साचा करायचा मोह होईल. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं.

शिवणयंत्र
रेक्झिन घेताना उलटं करून बघा. मागे विणलेलं सुती कापड असेल तर ते ताणलं जात नाही, डॅशच्या गोलाईवर घड्या पडतात. मागे होजियरीसारखं जाळीचं कापड हवं, चारही बाजूंना ताणणारं. दुकानदाराला सोफ्याचं नको म्हणून स्पष्ट सांगा, नाहीतर तेच देतो.

चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल नव्हे. रबराचा, एसआर 998 सारखा, आणि डॅशला जास्त गरमी सोसणाराच घ्या. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोट लावल्यावर चिकटत नाही इतकं वाळू द्या, मगच एकमेकांवर. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधून सुरू करून बाहेर जा. हीट गन रेक्झिनच्या वरून फिरवत ठेवा, एका जागी धरली की चकाकी येते आणि ती कधी जात नाही. काचेकडची कडा आत दोन बोटं तरी वळवा. सगळ्यात आधी तीच उन्हाने सुटते.

रंग काळा किंवा गडद करडा, आणि मॅट. चमकदार घेतलंत तर दुपारी समोरच्या काचेत डॅशच दिसेल, रस्ता नाही.

भंगारप्रेमी
आता एवढं केलंच आहे तर ते जुनं मीटर काढून डिजिटल टाका ना. ऑनलाइन मिळतात, वर टचस्क्रीनही बसेल. जुन्या गाडीला नवीन लूक.

ग्रीसगन
टचस्क्रीनसाठी चौकट कापावी लागेल. ती एकदा कापली की परत मिळत नाही. गाणी ऐकायची तर सीटमागे ब्लूटूथचा अँप्लिफायर आणि दोन स्पीकर पुरे. पिवळी वायर कायमच्या करंटला, लाल किल्लीनंतरच्या, काळी अर्थला, आणि वेगळा फ्यूज.

डिजिटल मीटरला स्पीडसाठी सेन्सर लागतो, डिझेलसाठी त्याला समजेल असा सेंडर लागतो. तीस वर्षं चाललेला काटा काढून त्याच्या जागी कोणाला दुरुस्त करता येत नाही अशी काच लावायची, हे मला पटत नाही.

कलाभवन_78
शिवाय पासिंगला स्पीडोमीटर चालूच हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो आहे. दर्जीपुऱ्याच्या आरटीओला गाडी नेल्यावर पडद्यावर गाणं दिसून उपयोग नाही.

मंडपवाला
मीटर जुनंच ठेवतोय, बाबांनी आधीच ठणकावलंय. पण स्पीडचा काटा अजून थरथरतो, आणि काचेच्या आतून गाळ दिसतो. उघडू का?

ग्रीसगन
उघडा. आत काय आहे ते कळलं की भीती जाते. केबल एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकाला चिकटलेली नसते. फिरत्या चुंबकाने वाटीत करंट तयार होतो, वाटी ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. काटा त्या वाटीला. वाटी आणि चुंबकाच्या मध्ये गाळ गेला की काटा अडकतो. मऊ ब्रश आणि हवेचा हलका झोत, बस. गंज काढायचा कुठलाही स्प्रे आत मारू नका, तेलाचा थर धूळ धरतो. तबकडीवरचे आकडे छापलेले असतात, स्पिरिटने पुसाल तर कोरी तबकडी हातात येईल. ओलसर कापूस, तोही हलका.

काटा थरथरतो तो मात्र बहुधा केबलमुळे. आतली तार बाहेर ओढा, पुसा, टेबलावर फिरवून बघा. कुठे उडी मारत असेल तर ती वाकलीय, बदला. सरळ असेल तर पातळ ग्रीस लावा, पण मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवा. ग्रीस तारेच्या फिरण्याने वर चढतं आणि मीटरमध्ये उतरतं. बसवताना केबलला कुठेही तीव्र वळण नको.

आणि हो, उघडण्याआधी किलोमीटरच्या आकड्यांचा फोटो. आकडे फिरवायचे नाहीत.

मंडपवाला
तार वाकलेली होती, गिअरबॉक्सजवळ. नवीन केबल खंडेराव मार्केटच्या बाजूच्या एका जुन्या दुकानात मिळाली, मालकाने माळ्यावरून धूळ झटकून दिली आणि म्हणाला, परत येऊ नका, ही शेवटची.

काटा आता स्थिर आहे. फायबर झालं, घासलं, भेग बोटाला लागत नाही. रेक्झिन मात्र नवरात्रानंतर. आता फक्त मॅट काळा रंग मारून डॅश परत चढवलाय. मंडप बांधायला गाडी रोज लागतेय.

शिवणयंत्र
रंग मारला असेल तर रेक्झिनच्या वेळी तो घासून काढावा लागेल, गोंद रंगाला धरतो आणि रंग प्लास्टिकवरून सुटतो. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. असो. पॉलिश-पेपर 120 चा घ्या.

पोहेजलेबी
फोटो कुठे आहेत?

मंडपवाला
टाकतो, बाबांनी डॅशवर गणपती परत बसवला की. जागेवरून दोघांत वाद चालू आहे, त्यांना मधोमध हवा आणि तिथे आता रिलेच्या वायरी जवळ आहेत. चुंबकाचा नको एवढं मनवलंय.

चिंचबन
ग्वाल्हेरहून. धागा मस्त. माझ्याकडे मामाचा जुना ट्रक आहे, मोठा, त्याच्या डॅशलाही हीच दुखणी. हेच सगळं लागू होईल का?

वायरमनकाका
आधी बॅटऱ्या किती ते बघा. एकीच्या प्लसला दुसरीची मायनस अशा जोडलेल्या दोन असतील तर गाडी 24 व्होल्टची.

चिंचबन
दोन आहेत, तशाच जोडलेल्या.

वायरमनकाका
मग रिले, बल्ब, फ्लॅशर सगळं 24 चं घ्या, इथलं एकही सामान लावू नका. अर्थ आणि शॉर्ट शोधायची पद्धत तीच, फक्त चाचणीचा बल्बही 24 चा. वेगळा धागा काढा, इथे मंडपवाल्यांचे फोटो यायचेत.